शाळा अंगणात गेली, त्याची गोष्ट

आम्ही शिरगावहून बोलतोय, पालघरजवळच्या. आमचं गाव तुम्हाला किल्ल्यामुळे माहीत असेल, नाहीतर शेजारच्या सातपाटीच्या पापलेटमुळे. आज आम्ही किल्ल्याचा इतिहास सांगणार नाही. आज सांगायचा आहे तो एका कामाचा इतिहास. त्याची सुरुवात मात्र आमच्याच एका चुकीपासून करतो.

आमच्या बचत गटाच्या वहीत एका नावावर आडवी रेघ आहे. ती रेघ आम्हीच मारली. ही ताई मासळी विकते. गटाची बैठक आम्ही सकाळी अकराला ठेवली होती, कारण तोवर आमच्यातल्या बऱ्याच जणींचं घरातलं आटोपतं. अकरा वाजता ही ताई बाजारात पाटी मांडून बसलेली असायची. तिच्या तीन बैठका चुकल्या. नियमाप्रमाणे आम्ही दंड लावला. चौथ्या वेळी ती आली, दंड भरला, आपली बचत मागून घेतली आणि निघून गेली. पुढे मुलगा आजारी पडला तेव्हा तिने बाहेरून महाग व्याजाने पैसे उचलले. हे आम्हाला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

आमचा नियम चुकला नव्हता आणि हिशेबही चोख होता. तरी बाई गेली, आणि जिच्यासाठी गट काढायचा तीच गेली.

यावर गटात बराच वाद झाला. आमच्यातल्या एकीची मुलगी बोईसरला कंपनीत लागायच्या आधी एक कोर्स करत होती. ती म्हणाली, “आम्हाला सॉफ्ट स्किल नावाचा विषय आहे. समोरच्याकडे बघून बोलायचं, हसायचं, त्याचं ऐकून घ्यायचं.” आमच्यातली एक आजी लगेच म्हणाली, “म्हणजे माणसासारखं वागायचं. त्याचा पण कोर्स निघाला का?” सगळ्या हसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. माणसांशी नीट वागणं हा स्वभावाचा भाग, का शिकायचं काम? मग आम्ही जुनी पुस्तकं काढली, जाणत्या बायांना विचारलं. उत्तर फार लांब नव्हतं. डहाणूपर्यंत जावं लागलं, एवढंच.

आधी त्या नावाबद्दल दोन शब्द. ‘सॉफ्ट स्किल’ हे नाव अमेरिकेच्या लष्करातून आलं. १९७० च्या आसपास त्यांनी सैनिकांना शिकवायच्या कामांची वाटणी केली. यंत्र, गाडी, हत्यार चालवायचं ते एका बाजूला, ते हार्ड. माणसं सांभाळायची, कागदपत्र बघायची ते दुसऱ्या बाजूला, ते सॉफ्ट. १९७२ साली या विषयावर त्यांनी एक परिषदही भरवली. नाव जगभर चिकटलं, आणि नावाबरोबर एक समजही चिकटला की हे काम मऊ, म्हणजे सोपं, म्हणजे कोणालाही जमणारं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी आपण सगळे ठाणे जिल्ह्यात होतो. लष्करात ते नाव निघालं त्याच्या पंचवीसेक वर्षं आधी याच किनाऱ्यावर, बोर्डी गावात, दोन बायका हे काम शिकत होत्या. तारबाई नव्हे, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या काळात पदवीपर्यंत शिकलेली बाई. राजकोटला शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजात प्राचार्यपदाची चांगली नोकरी होती. ती सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि लहान मुलांच्या शिक्षणाचं काम शिकल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ निघाला, त्यात त्या दोघांचा हात होता.

अनुताईंचा जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांच्या आत नवरा गेला. त्या काळात अशा मुलीचं काय होत असे ते आपल्या आज्यांना विचारा. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या, पुण्यात नोकरी करू लागल्या. १९४५ साली कस्तुरबा ट्रस्टच्या एका शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली. ताराबाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या, अनुताई पस्तिशीच्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

साल लक्षात ठेवा, १९४५. त्याच वर्षी उंबरगाव, तलासरी, डहाणू या पट्ट्यात वारली मजुरांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. गोदावरीबाईंनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं लिहून ठेवलं. तेव्हा इथे ‘लग्नगडी’ नावाची पद्धत होती. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि त्याच्या बदल्यात नवराबायकोने त्याच्याकडे राबायचं, वर्षानुवर्षं. अशा घरच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. पांढऱ्या कपड्यातलं कोणी पाड्यावर आलं, वहीत नाव लिहितो म्हणालं, तर तिने काय समजावं? पोर शाळेत घाला म्हटल्यावर तिने विश्वास का ठेवावा?

म्हणून या गोष्टीत शिकवण्याच्या आधी बरंच काही येतं.

बोर्डीत बालवाडी तर निघाली. पण गावातल्या दलित वस्तीतली मुलं तिथे येईनात. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘लाभार्थी येत नाहीत’. एखादीने हजेरी वहीत गैरहजर लिहून विषय संपवला असता. आम्ही आमच्या गटात तेच केलं होतं. ताराबाईंनी उलटा विचार केला. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे न्यायची. वस्तीतलं अंगण झाडून घ्यायचं आणि तिथेच बसायचं. गावात मधोमध असायची ती मध्यवर्ती बालवाडी, आणि वस्तीतल्या अंगणात भरायची ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द चालतो तो असा आपल्या किनाऱ्यावरच्या अंगणातून उठला.

अंगणात बसलं की काही गोष्टी आपोआप होतात. आई चुलीपाशी असते, तिला दिसतं की ही बाई पोराला मारत नाही. आजी ओट्यावरून ऐकते. आणि बाईंनाही दिसतं की घरात पाणी किती लांबून येतं, पोर सकाळी काय खाऊन आलंय, त्याच्या डोक्यात खरूज का आहे. शाळेच्या खोलीत बसून हे कळत नाही.

मग पुढची पायरी. मुलं अंघोळ न करता येत. त्यावर आईला बोल लावता आला असता. या बायकांनी मुलांना स्वतः अंघोळी घातल्या, केस विंचरले, नखं कापली. शिकलेल्या, शहरातल्या बाईने वस्तीतल्या पोराचं अंग स्वतःच्या हाताने धुवायचं, ही १९४५ सालात साधी गोष्ट नव्हती. तेव्हा शिवाशीव उघड पाळली जायची. स्वच्छतेचं भाषण द्यायला दहा मिनिटं लागतात. ही अंघोळ रोज घालावी लागते.

तिसरी गोष्ट साधनांची. इटलीच्या मारिया माँटेसोरी या डॉक्टरबाईंनी १९०७ साली रोममध्ये कामगारांच्या वस्तीत मुलांचं घर काढलं होतं. मुलांनी हाताने करून शिकावं म्हणून त्यांनी लाकडी साधनं बनवली. १९३९ मध्ये त्या भारतातही आल्या आणि युद्धाच्या काळात इथेच राहिल्या. त्यांची पद्धत ताराबाईंना पटलेली होती, पण ती साधनं महाग. आणि वारल्यांच्या पोराला ती परकी. म्हणून इथे चिंचोके आले, शंख-शिंपले आले, बिया, पानं, काड्या, खडे, माती आली. समुद्रावर आणि रानात जे फुकट मिळतं त्यातून मोजणं, रंग, लहान-मोठं शिकवायचं. याने पैसे तर वाचलेच, पण पोराला वाटलं की आपल्या घरात, आपल्या रानात जे आहे तेही शिकण्याजोगं आहे.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर गेलं. कोसबाड असंही लिहितात. डहाणू तालुक्यातलं हे गाव, भोवती वारल्यांचे पाडे. इथे नवी अडचण उभी राहिली. जरा मोठी मुलं सकाळीच गुरं घेऊन रानात जात. ती दहा वाजता वर्गात कशी येणार? गुरं घरी ठेवली तर मालक ऐकत नाही, घरात खायला कमी पडतं. तेव्हा बाई गुरांमागे रानात गेल्या. कुरणात गुरं चरतायत, झाडाखाली मुलं शिकतायत. तिचं नाव कुरणशाळा. ज्यांना दिवसा मुळीच जमत नसे त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग.

मोठ्या मुलींची आणखी एक अडचण होती. ती आपल्याही घरात होती, काही घरांत आजही आहे. आई मजुरीला जाते, धाकटं भावंड मोठीच्या कडेवर. त्या मुलीला शाळेत यायचं तर कडेवरचं पोर कुठे ठेवायचं? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी म्हणत. तान्हं पाळण्यात, मधलं बालवाडीत, मोठी वर्गात. सुटली की तिघं एकत्र घरी.

मैत्रिणींनो, इथे थोडं थांबू. सॉफ्ट स्किलच्या कोर्सात आमच्या मुलीला हसायला शिकवतात. वाईट नाही ते. तिरसट बोलण्यापेक्षा हसून बोललेलं केव्हाही बरं. पण कोसबादच्या बायकांनी लोक जोडले ते नुसत्या गोड बोलण्याने नाही. समोरच्या माणसाचा दिवस कसा जातो ते त्यांनी पाहिलं आणि त्याप्रमाणे आपलं काम वळवलं. जागा बदलली, वेळ बदलली, साधनं बदलली. नुसतं हसून “या हं उद्या शाळेत” म्हटलं असतं तर गुराख्याचं पोर आलं नसतं. कारण हसण्याने गुरं चरत नाहीत.

अमेरिकेतल्या आर्ली हॉशिल्ड या अभ्यासक बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहिलं. विमानात प्रवाशांची सेवा करणाऱ्या मुलींना कंपनी हसायला कसं लावते आणि मनात काहीही असलं तरी दिवसभर हसत राहण्याचा त्यांना किती शीण होतो, हे त्यात आहे. हुकमाने हसणं हेही कष्टाचंच काम, पण त्यात मुलीच्या हातात काही नसतं. भाडं तेच, रांग तीच, नियम तोच, फक्त चेहरा हसरा. अनुताईंच्या हातात काम वळवायची मोकळीक होती. तो फरक फार मोठा आहे.

दुसरी गोष्ट. हे त्यांना जन्मतः येत होतं का? नाही. अनुताई पुण्याच्या वर्गात शिकवून आल्या होत्या. फळा, बाक, घंटा यांची सवय. पाड्यावरची बोली वेगळी, रीत वेगळी. त्या शिकल्या, चुकल्या, पुन्हा शिकल्या. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या आत्मकथनात त्यांनी आपला प्रवास मांडला आहे. तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर जरूर वाचा, नाहीतर मागवा. आणि जे त्या शिकल्या ते त्यांनी दुसऱ्या बायकांना शिकवलं. केंद्रात बालवाडीच्या शिक्षिका तयार करण्याचे वर्ग चालले. म्हणजे माणसांशी जोडून घेणं हे शिकता येतं, शिकवता येतं आणि एकीकडून दुसरीकडे देता येतं. सुतारकाम जसं, शिवणकाम जसं, तसंच.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्या गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, सरकारने एकात्मिक बाल विकास योजना सुरू केली. सुरुवातीला देशात ३३ ठिकाणी. तिच्या केंद्राचं नाव ठेवलं अंगणवाडी. आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या वस्तीत लसीकरणाचा दिवस, बाळाचं वजन, गरोदर बाईचा आहार, शाळेआधीचं शिक्षण, सगळं तिथे जुळतं. अनुताई पुढेही काम करत राहिल्या. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्या गेल्या.

नाव सगळीकडे पोचलं. पण नावाबरोबर काम पोचलं का? हे आम्ही आमच्याच गटातल्या, अंगणवाडीत काम केलेल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी सकाळी घरोघर जायचे तेव्हा मला कळायचं कोणाच्या घरी चूल पेटली नाही. आता गेले की आधी मोबाइल काढते. फोटो, वजन, उंची. रेंज नसली की माळावर जाऊन उभी राहते. बाईशी बोलणं राहून जातं.” नोंद नको असं त्यांचं म्हणणं नाही. वजनाची नोंद नसेल तर कुपोषण दिसणार कसं? पण बोलायला लागणारा वेळ कुठल्याच रकान्यात येत नाही, म्हणून तो वेळ आधी कापला जातो. २०२१ साली राज्यातल्या अनेक सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत केले ते आठवत असेल. फोन चालत नव्हते आणि माहिती इंग्रजीत भरायला सांगत होते, ही त्यांची तक्रार होती.

आणि पैशांचं काय? सेविकेला मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. शब्दात मान आहे, हातात धन थोडं. आशाताईंचंही तसंच. ‘बायकांना मायेने वागणं उपजतच येतं, त्याचे काय पैसे द्यायचे’ असा हिशेब त्यामागे आहे. म्हणून आम्ही वर इतकं सांगितलं की हे उपजत नाही, हे शिकून येतं. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. हा हक्क नोकरी करणाऱ्याचा असतो. म्हणजे निदान कोर्टाने तरी मान्य केलं की ही नुसती सेवा नाही, हे काम आहे.

आता पुन्हा आमच्या वहीतल्या रेघेकडे येतो.

ही सगळी गोष्ट गटात वाचून झाल्यावर आजी म्हणाली, “मग आपली कुरणशाळा कुठाय?” कोणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या दोघी त्या ताईच्या घरी गेल्या. वही नेली नाही, मुद्दाम. ती ओट्यावर बोंबील साफ करत होती. दोघींनी बसून तिच्याबरोबर साफ करायला घेतले. गटाचा विषय काढलाच नाही. मुलाची तब्येत विचारली, बाजार कसा चाललाय विचारलं. ती सांगत गेली. पहाटे किती वाजता उठते, मासळी घ्यायला बंदरावर किती वाजता उभं राहावं लागतं, घरी यायला दुपारचे दोन का वाजतात. इतकी वर्षं एका गावात राहून आम्हाला तिचा दिवस माहीत नव्हता.

तिने आम्हाला एक ऐकवलंही. “तुम्ही मला दंड लावलात त्याचं वाईट नाही वाटलं. का येत नाही ते एकीनेही विचारलं नाहीत, त्याचं वाटलं.”

आम्ही बैठक संध्याकाळी सातला घेतली. दंडाचा नियम ठेवला, पण दंड लावायच्या आधी एकीने घरी जाऊन विचारून यायचं, असं ठरवलं. आणि जी विचारायला जाते तिचं नाव वहीत लिहायचं, काम म्हणून. ती ताई अजून गटात परत आलेली नाही. व्याजाचं ओझं उतरायचं आहे, म्हणते. पण परवा बाजारात भेटली तेव्हा तिने विचारलं, “सातला कोणाच्या घरी बसता?” आम्ही घर सांगितलं.

तुमच्या गटातही एखादं नाव खोडलेलं असेल, किंवा एखादी हल्ली गप्प असेल. तुमच्यातली कोणी आशाताई असेल, कोणी रेशन दुकानात बसत असेल, कोणी कंपनीत दहा मुलींची लाइन सांभाळत असेल, कोणी शाळेत खिचडी शिजवत असेल. पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या कामात ज्या माणसाला आपण ‘येत नाही’, ‘ऐकत नाही’, ‘समजत नाही’ म्हणतो, असं एक नाव प्रत्येकीने घ्यायचं. त्याचा दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत कसा जातो, ते सांगून बघायचं. सांगता आलं नाही तर बैठकीनंतर त्याच्या अंगणात जायचं. वही घरी ठेवून.

काय कळलं ते आम्हाला जरूर कळवा. नमस्कार.